पोटातल्या महाधमनीचा एन्युरिझम नेमका कशाने मोठा होतो?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६८ वर्षांचे, मागच्या वर्षी प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली तेव्हा महाधमनीला म्हणजे एओर्टाला (हृदयातून निघणारी, पोटातून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी) ३.८ सेमीचा एन्युरिझम म्हणजे फुगवटा निघाला, यंदा दुसऱ्या सेंटरला केली तर ४.१ आला, बीपी आहे, शुगर आहे, बिडी अजून चालूच आहे, तर हा कशामुळे वाढतोय आणि थांबवता येतो का. मी रेडिओलॉजिस्ट आहे, पोटाच्या सोनोग्राफी रोजच्याच, म्हणून आधी मापाबद्दल सांगतो मग कारणांकडे येतो.

३.८ चं ४.१ झालं म्हणजे ३ मिमी वाढ झालीच असं धरून घाबरू नका. एकाच पेशंटला दोन डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजलं तरी एवढा फरक सहज पडतो. वयाबरोबर महाधमनी वाकडीतिकडी होत जाते, प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) जरा तिरका पडला की गोल दिसायची ती लंबगोल दिसते आणि माप जास्त येतं. उलट फुगलेल्या भागात कडेकडेने रक्ताची गुठळी बसलेली असते, रक्त मधल्या वाटेने वाहत असतं, आणि कोणी घाईत ती वाटच मोजली तर माप कमी येतं. शिवाय कोणी भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजतं, कोणी आतून आतपर्यंत, त्यातच काही मिमी इकडचे तिकडे होतात, आणि सीटी केला तर आकडा सोनोग्राफीपेक्षा बहुतेक वेळा मोठाच येतो. त्यामुळे शक्यतो एकाच ठिकाणी, सकाळी उपाशीपोटी (गॅस असला की काही दिसत नाही) करा, जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या, आणि मागच्या वेळी जिथे जसं मोजलं तसंच मोजा म्हणून बिनधास्त सांगा, कोणी रागवत नाही.

आता कारणं. एन्युरिझम होणं, वाढणं आणि फुटणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक, कधीकधी डॉक्टरसुद्धा, तिन्हीची एकच यादी वाचून दाखवतात. होण्यामागे वय, पुरुष असणं, धूम्रपान, घरात आईवडील किंवा भावाबहिणीला असणं, बीपी, कोलेस्टेरॉल, हे सगळं आहे. वाढण्याचं गणित जरा निराळं आहे. नॉर्मल महाधमनी साधारण २ सेमी असते, ३ झाली की एन्युरिझम म्हणतात, आणि पुढे छोटे एन्युरिझम सरासरी वर्षाला २ मिमीच्या आसपास वाढतात, पण जितका मोठा तितका वेग जास्त. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगवटा आला की हवा भरताना तोच भाग आधी फुगतो ना, तसंच, व्यास वाढला की त्याच प्रेशरला भिंतीवर ताण जास्त पडतो.

आणि आपल्या हातात असलेलं, वेग वाढवणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे धूर. २०१२ साली वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १५,००० हून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा ओढणाऱ्यांचा एन्युरिझम वर्षाला ०.३५ मिमी जास्त वेगाने वाढत होता आणि फुटण्याचा धोका दुप्पट होता. ०.३५ ऐकायला किरकोळ वाटतं पण दहा वर्षांचे साडेतीन मिमी होतात, आणि तेवढ्यात एखाद्याचं ऑपरेशन टळतं किंवा गळ्यात पडतं. धुरामुळे भिंतीतलं इलास्टिन, म्हणजे तिला लवचिक ठेवणारे धागे, तुटत जातं आणि ते या वयात पुन्हा तयार होत नाही, म्हणून बिडी सोडल्यावर एन्युरिझम लहान होणार नाही, पण पुढचा वेग कमी होईल. बिडी छोटी असते, दोनच ओढतो, हे बाबांचं ऐकू नका. नुसतं रागावून सुटत नाही ती, तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे, पाकिटावरपण छापलेली असते, बाबांनाच फोन लावून द्या आणि फिजिशियनना गोळ्या किंवा निकोटिनच्या च्युइंग गमबद्दल विचारा.

शुगरचं मात्र उलटं आहे, त्याच अभ्यासात डायबेटिस असलेल्यांचा एन्युरिझम वर्षाला अर्धा मिमी हळू वाढत होता. का ते अजून पक्कं कळलेलं नाही, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीमुळे असेल का यावर ट्रायल चालू आहेत. पण म्हणून शुगर ढिली सोडायची नाही, हार्ट आणि किडनी त्याच माणसाची आहेत.

बीपीचा वाढीशी संबंध तसा कमजोर आहे पण फुटण्याशी पक्का आहे, त्यामुळे गोळी चुकवायची नाही. बीटा ब्लॉकर (बीपीच्या गोळ्यांचा एक प्रकार), डॉक्सीसायक्लिन (एक अँटिबायोटिक) वगैरे देऊन वाढ थांबते का हे तपासून झालंय, नाही थांबत. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिलं असेल तर घेऊ द्या, ते हार्टसाठी आहे.

ऑपरेशनचा विचार पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेमीला, बायकांमध्ये ५ ला करतात कारण त्याच मापाला बायकांचा फुटण्याचा धोका जवळपास चौपट असतो. एका वर्षात १ सेमी वाढला तर आकडा कितीही असो, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला लगेच दाखवा. ब्रिटनमध्ये ४.४ पर्यंत वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात, बाबांना वर्षाला एकदा पुरावी, पण तारीख त्यांच्या डॉक्टरांनी ठरवू दे. चालणं, घरातली कामं सगळं चालेल, श्वास रोखून गव्हाचं पोतं उचलणं नको.

एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स जुलाब, लघवीचं इन्फेक्शन, कशालाही सर्रास दिली जातात, मेडिकलवाला पण देतो, आणि बाबांचं प्रोस्टेटचं चालू आहे म्हणजे कधी ना कधी चिठ्ठीवर येणारच. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१८ मध्येच इशारा दिलाय की एन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ही देऊ नयेत. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अचानक पोटात किंवा कंबरेत जबरदस्त दुखायला लागलं, घाम, चक्कर, तर गॅस समजून ओवा-सोडा देत बसू नका, १०८ लावा आणि फोनवरच एन्युरिझम आहे म्हणून सांगा. आणि तुमच्या काकांची, आत्याची पण एकदा सोनोग्राफी करून घ्या, काका ओढत असतील तर आधी त्यांची.