सराव, अनुकूलन आणि तगणं

प्रश्न आलाय : 'उन्हाळ्यात सोलापूरकर उन्हाशी अनुकूलन साधतात' हे वाक्य बरोबर आहे का? 'सरावतात' म्हटलं तर ते कमी शास्त्रीय ठरेल का?

मुळीच नाही, उलट 'सरावतात' हेच नेमकं. इथं मार्चपासून ऊन चढत जातं. आठ-पंधरा दिवसांत शरीर सरावतं : घाम लवकर सुटतो, जास्त येतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. महाबळेश्वरहून थेट मे महिन्यात सिद्धेश्वर तळ्याकाठी उतरलेल्या पाहुण्याला तेवढा अवधीच मिळत नाही, म्हणून त्याला ऊन लागतं. आपला सराव पावसाळ्यात मोडतो, लेकरांना वारशानं जात नाही. 'अंगवळणी पडणं' या शब्दात हे अचूक आलंय. वळण अंगाला लागतं, वंशाला नाही.

'अनुकूल' म्हणजे अनु अधिक कूल. कूल म्हणजे नदीचा काठ. काठाच्या कलानं जाणारं ते अनुकूल, उलट ते प्रतिकूल. किती सुंदर शब्द आहे! पण जीवशास्त्रात 'अनुकूलन' पिढ्यान्‌पिढ्यांत घडतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेलं ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण घ्या. ओल तुटली की पानांची सुरळी होते, पाणी कमी उडतं. सुरळी होणं ही त्या ताटाची त्या दिवसाची गोष्ट. सुरळी होऊ शकणं हे अनुकूलन. 'ज्वारीनं दुष्काळाशी जुळवून घेतलं' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. ताटानं काही ठरवलेलं नसतं. कोरड्या वर्षी जी ताटं तगली, त्यांचं बी पुढं पेरलं गेलं, इतकंच.

'तगणं' हा शब्द अचानक आलेल्या संकटासाठी राखून ठेवावा. तिथं सरावाला वेळ नसतो. अंगात आधीपासून जे असेल त्यावरच निभावतं.

'हळूहळू' आणि 'अचानक' हे शब्दही जपून वापरावेत, कारण त्यांचं माप पिढ्यांत असतं. ज्वारीवरच्या मावा या किडीची पिढी आठ-दहा दिवसांत उभी राहते. नान्नज ज्यासाठी ओळखलं जातं तो माळढोक पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो. पन्नास वर्षांत गवताळ माळ नांगराखाली गेला, तर माव्याच्या हिशेबात तो शेकडो पिढ्यांचा काळ होतो आणि माळढोकाच्या हिशेबात मोजक्याच पिढ्यांचा. आपल्याला संथ वाटणारा तो बदल त्याच्यासाठी अचानकच असतो. 'माळढोकानं बदलत्या माळाशी अनुकूलन साधावं' असं वाक्य मी तरी लिहिणार नाही.