परसातले प्रश्न : मे महिन्यात गारठलेली मिरची

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीची. लेकीच्या बाळंतपणासाठी मार्चपासून इंग्लंडात स्विंडनला आले आहे. घरामागे वीतभर बाग आहे. मसाल्यासाठी आणलेल्या सुक्या खोलाच्या मिरच्यांतलं बी काढून खिडकीत रोपं केली. टोमॅटो, भेंडी आणि कोथिंबिरीचं बी इथल्याच दुकानातून घेतलं. मे उजाडला, चांगलं ऊन पडू लागलं, म्हणून सगळं बाहेर लावलं. मागच्या आठवड्यात एका रात्री मोबाइल ३ अंश दाखवत होता. जावयांनी खबरदारी म्हणून निम्म्या रोपांवर प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. सकाळी पाहते तर गवत पांढरं, आणि टोमॅटो-भेंडी उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी. पिशवीतलीसुद्धा! मिरचीची पानं लोंबताहेत. कोथिंबिरीला मात्र काही झालं नाही. ३ अंशांत गोठतं कसं? यातलं काही जगेल का? चवथीला मी घरी येणार, तोवर पुन्हा काही लावू का?

उत्तर : ताई, आधी बाळाला आशीर्वाद. आता मिरचीकडे वळते.

डिचोलीच्या तुमच्या अंगणात पौष महिन्यात पहाटे काय दिसतं ते आठवा. तुळस दंवाने ओलीचिंब असते. दोन पावलांवर, पडवीत ठेवलेल्या कुंडीचं पान मात्र कोरडं. हवा दोन्हीकडे तीच. तुळशीवर उघडं आकाश असतं आणि कुंडीवर छप्पर, एवढाच फरक. दिवसभर घेतलेली ऊब पानं रात्री आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. छपराखाली ती ऊब अडते. आपल्याकडे या गारव्याचं पाणी होतं, तिथे बर्फ.

म्हणून तुमचा मोबाइल खोटा बोलला नाही. तिथलं हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर. तुमची भेंडी असेल वीतभर. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री वर ३ अंश असताना खाली गवतापाशी शून्याच्या खाली जाऊ शकतं. तिथे हवेतलं गोठणं आणि जमिनीलगतचं गोठणं वेगवेगळं सांगतात ते याचसाठी. यापुढे झोपण्याआधी आकडा बघाच, पण दार उघडून वरही बघा. ढग असतील किंवा वाऱ्याची झुळूक असेल तर निम्मी काळजी गेली. चांदण्या लखलखताहेत आणि पान हलत नाही, अशा रात्री मात्र पांघरूण घालायचंच.

पिशव्यांचं सांगते. जावयांना बोल लावू नका, ही चूक मीही केली आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही निफाडजवळ तीन हिवाळे काढले. तिथे थंडीची लाट आली की द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी उबदार असतं, शिवाय ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. मी मात्र शहाणपणा करून माझ्या चार टोमॅटोंना दुधाच्या पिशव्यांच्या टोप्या घातल्या. सकाळी जिथे जिथे प्लास्टिक पानाला चिकटलं होतं, तिथे तिथे पान गेलेलं. शेजारच्या मामी हसून म्हणाल्या, "अहो, टोपी काय घालता, गोधडी घाला!"

गोधडीच घालायची. झाडाला ऊब मिळते ती खालच्या मातीतून. पिशवी बुंध्याशी आवळून बांधली की ती ऊब बाहेरच राहते. चार काठ्या रोवा, त्यांवर जुनी सुती साडी दुहेरी करून टाका, कडा जमिनीला टेकवा आणि वर दगड ठेवा. कापड पानाला लागू देऊ नका. तिथे बागेच्या दुकानांत फ्लीस नावाचं पातळ पांढरं कापड मिळतं, तेही चांगलं. तुमच्याकडे आता सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणं आटोपून पांघरूण घालायला वेळ आहे. काढायची मात्र घाई नको. सर्वांत जास्त गारठा पहाटेचा, सूर्य उगवतानाचा. ऊन अंगणात येऊन पांढरेपणा विरघळला की मग काढा आणि कापड वाळत घाला. दुपारी माती कोरडी दिसली तर बुडाशी पाणी द्या, पानांवर नको.

शेकोटी पेटवू नका हो. शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील.

आता कोण जगेल ते. भेंडी गेली. ती उपटा. टोमॅटोचा बुंधा नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर काखेतून फूट येईल, नाहीतर तोही काढा. मिरचीला चार-पाच दिवस हात लावू नका. लोंबलेली पानं कुरूप दिसतात, पण नवी फूट कुठून येते ते कळल्याशिवाय कात्री चालवायची नाही. कोथिंबीर वाचली यात नवल नाही. मेथी, मुळा, पालक, वाटाणा ही मंडळी थोडं गोठणं सोसतात. टोमॅटो, भेंडी, काकडी, अळसांदे (चवळी) ही आपल्यासारखी, उकाड्यात वाढलेली. त्यांना १० अंशांखालीच हुडहुडी भरते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला वाटतं तीही झाली असावी. खिडकीतलं रोप थेट बाहेर मातीत गेलं ना? आपण सुपारीच्या रोपाला चुडतांचा आडोसा करून हळूहळू उन्हाची सवय लावतो, तशी तिथे थंडीची लावावी लागते. आठ-दहा दिवस कुंडी दिवसा बाहेर, रात्री आत.

पुन्हा लावायचं तर भेंडीचा नाद सोडा. काचघराशिवाय तिथल्या उन्हाळ्यात तिचा जीव रमत नाही. मे संपू द्या, मग तांबडी भाजी (लाल माठ) पेरा. पाच-सहा आठवड्यांत खुडायला येईल, म्हणजे चवथीआधी दोनदा तरी ताटात पडेल. मिरचीचं एखादं रोप वाचलं तर ते कुंडीत घेऊन दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. तुम्ही निघेपर्यंत त्याला मिरच्या लागतील, पण त्या हिरव्या असतील. लाल व्हायची वाट लेकीला बघू द्या, आणि त्यातलं बी ठेवायला सांगा.