मुलगी तीन वर्षांची आहे, महिन्याला पाच हजार बाजूला पडतात, कुठे ठेवू?

तीन हजार सुकन्या समृद्धीत (मुलींसाठीची सरकारी बचत योजना), दोन हजार इंडेक्स फंडाच्या एसआयपीत, म्हणजे शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम. मी हेच करतो.

सुकन्याची मुदत बहुतेकजण चुकीची धरतात. पैसे 15 वर्षं भरायचे, पण खातं पिकतं ते उघडल्यापासून 21 वर्षांनी, मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला नव्हे. म्हणजे तुमची लेक तेव्हा 24 ची असेल. मात्र ती 18 ची झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, त्यामुळे भरणा त्याआधीच करा. मी म्हापशाच्या पोस्टात एकदा पाच तारखेला शुक्रवारी गेलो. बाजारामुळे स्कूटर लावायलाच अर्धा तास! तेव्हापासून ऑनलाइन भरतो.

फंड स्वतःच्या नावावर घ्या. मुलीच्या नावावर असेल तर 18 पूर्ण होताच नवी केवायसी (ओळखीची कागदपत्रं) होईपर्यंत व्यवहार थांबतात, नेमके प्रवेशाच्या धावपळीत.

चवथीला घरी आलेला एजंट पाव्हणा ‘चाइल्ड प्लॅन’, म्हणजे मुलांच्या नावाने विकली जाणारी विमा-बचत पॉलिसी, गळ्यात मारेल. त्याला नेवरी-चहा द्या, सही नको. विमा हवाच, पण तो कमावत्याचा, साधा टर्म, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा.