हॉटस्पॉट कपाटात, नोंद शहरभर

हीलियम हे लोकांनी घरोघरी लावलेल्या हॉटस्पॉटचं, म्हणजे यंत्रांचे छोटे रेडिओ संदेश पकडणाऱ्या डब्यांचं नेटवर्क; डबा लावून परिसराला कव्हरेज दिलं की मालकाला बक्षीस मिळतं. तुमच्या बक्षिसांच्या नियमांच्या मसुद्यासोबत तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे: हीलियमच्या नेटवर्कवर कुणी दहा हॉटस्पॉट एका घरात ठेवले आणि नकाशावर शहरभर दाखवले, तर पकडायचं कसं? प्रत्येक डब्यात जीपीएस सक्तीचं केलं तर भागेल का?

नाही भागणार. जीपीएसचं वाचन त्याच डब्यातून येतं आणि डबा मालकाच्या हातात असतो. आतल्या चिपमधली किल्ली एवढंच सांगते की सही याच डब्याची आहे. डबा कुठे आहे हे तिला कळत नाही; जागा मालकच ॲपमध्ये भरतो. त्यात नकाशा षटकोनी चौकटींत विभागलेला असतो आणि गर्दीच्या षटकोनात बक्षीस घटतं, त्यामुळे नोंदी पांगवण्याचा मोह आणखी वाढतो.

म्हणून साक्षीदार लागतात. एक हॉटस्पॉट बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा छोटा रेडिओ संदेश, सोडतो, आसपासचे तो ऐकतात आणि सिग्नल किती जोरात आला ते कळवतात. ९१५ मेगाहर्ट्झवर १० किलोमीटरमध्ये मोकळ्या हवेतसुद्धा साधारण ११२ डेसिबल घट होते. पाठवणाऱ्याची ताकद अँटेनासकट ३६ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) धरली, तरी पलीकडे उणे ७६ डीबीएमच्या आसपास पोचणार. ऐकणाऱ्याची अँटेना चांगली असेल तर पाच-सहा डेसिबल वर. तिथे कुणी उणे ४० कळवत असेल, तर तो शेजारच्या फळीवर आहे.

सराईत लोक अँटेना काढून डबे केबलने जोडतात आणि मध्ये अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) घालून सिग्नल हवा तेवढा पाडतात. त्यांचे आकडे गणितात चपखल बसतात. पण त्यांना फक्त एकमेकांचंच ऐकू येतं. ज्या गल्लीत नोंद केली आहे, तिथल्या प्रामाणिक हॉटस्पॉटला त्यांचा बीकन कधीच मिळत नाही. एका जोडीचे महिनाभराचे आकडे काढून बघा. खऱ्या हवेत पावसात भिजलेल्या झाडांच्या पानांनी, समोर उभ्या राहिलेल्या ट्रकने आकडा हलतो. केबलमध्ये रेष जवळपास सपाट जाते. मी आधी हेच बघतो.

मात्र एवढ्यावर कुणाला काळ्या यादीत टाकू नका. एकट्या टेकडीवरच्या हॉटस्पॉटलाही ठरावीक एक-दोनच शेजारी असतात. मी घर बदललं तेव्हा नवी जागा नोंदवायची राहून गेली होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला माझे आकडे सरळसरळ खोटे दिसले असते. यादी उघडी हवी, कारण लिहिलेलं हवं आणि दाद मागायला जागा हवी.

आता तुमच्या मसुद्याबद्दल. तुम्ही म्हणता, कव्हरेजचं बक्षीसच नको, फक्त खऱ्या डेटाला पैसे देऊ, म्हणजे फसवणूक संपेल. दिशा बरोबर आहे, पण हीलियमने २०२० मध्ये याचाही चटका घेतला आहे. यंत्राने पाठवलेल्या २४ बाइटच्या पॅकेटला एक डेटा क्रेडिट (नेटवर्क वापराचं शुल्क), म्हणजे ०.००००१ डॉलर लागायचा. बक्षिसाचा ठरलेला वाटा मात्र पॅकेटांच्या प्रमाणात वाटला जायचा. खरा वापर कमी होता, त्यामुळे पॅकेटमागे खर्चापेक्षा कितीतरी जास्त मिळायचं. लोकांनी स्वतःच्या यंत्रांतून स्वतःच्याच हॉटस्पॉटवर कचरा पाठवायला सुरुवात केली. जागा खरी, सिग्नल खरा, पैसेही भरलेले, पकडणार काय? शेवटी एचआयपी १० या हीलियमच्या नियमबदलाच्या प्रस्तावाने डेटाचं बक्षीस जळलेल्या, म्हणजे वापरून संपलेल्या, क्रेडिटच्या किमतीपुरतंच मर्यादित केलं आणि उरलेला वाटा कव्हरेजकडे वळवला. त्यानंतर कचरा पाठवून नफा उरला नाही.

तुमच्या मसुद्यातल्या तिसऱ्या कलमात दरमहा ठोक रक्कम पॅकेटांच्या प्रमाणात वाटायची आहे. जीपीएसचं नंतर बघू, आधी ते कलम बदला.