पहिला टी-शर्ट स्टेन्सिलने रंगवतोयस ना, मग हे वाच भो

सगळ्यात आधी टी-शर्ट धुऊन घे, नवा असला तरी, खळ राहिली की रंग वरच्यावर बसतो न दोन धुण्यात निघायला लागतो. कापड शंभर टक्के कॉटन घे, जळगावात फुले मार्केटला साधे प्लेन मिळतात.

स्टेन्सिलला, म्हणजे नक्षी कापलेल्या साच्याला, जुन्या एक्स-रेची फिल्म एकदम बेस्ट, कागद रंगाने भिजून लगेच वाकतो. अक्षरं कापताना मात्र लक्ष दे, ब नाहीतर व कापलास की आतला गोल तुकडा गळून पडतो आणि नुसता ठिपका उमटतो, म्हणून त्याला बारीक पट्टीचा पूल ठेवायचा. मी तर म्हणेन पहिल्यांदा अक्षरं नकोच, केळीचं पान कर, मधली शीर न कापता सोडली की तोच पूल होतो आणि दिसतंही इतकं छान!

टी-शर्टच्या आत पुठ्ठा घाल नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरेल. रंगात पाणी अजिबात नको. स्पंज रंगात टेकवून आधी रद्दी पेपरवर टिपून घे, जवळपास कोरडा वाटला पाहिजे, मग कडेकडून आत ठोकत जा, घासायचं नाही, घासलं की रंग फिल्मखाली शिरतो. पातळ दोन हात दे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी स्पंजच वाळून जातो, त्यामुळे सकाळीच बस.

एक दिवस वाळू दे, मग उलटा करून गरम इस्त्री फिरव, वाफ बंद ठेवून. आणि तीन दिवस तरी धुऊ नकोस, कितीही घाई असली तरी.