बांबूखाली पानं उलटणारा पाहुणा

प्रश्न: आमच्या सोसायटीत मागच्या कंपाउंडला बांबूचं बेट आहे, तिथे चार दिवस झाले सकाळी उजाडता उजाडता एक पक्षी येतोय. डोकं-पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, गळा पांढरा आणि गालावर दोन काळपट उभ्या रेघा. सारखा वाळकी पानं चोचीने उडवत असतो. भात ठेवला, पोळीचे तुकडे ठेवले, ढुंकूनसुद्धा बघत नाही. कोण आहे हा, आणि खायला काय देऊ?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुम्ही गालावरच्या रेघा नीट बघितल्यात हे फार बरं केलंत, त्यावरून लगेच कळतं. हा नारिंगी डोक्याचा कस्तूर. हिमालयातल्या याच्या भाऊबंदांचं अख्खं डोकं नारिंगी असतं, रेघा असतात त्या आपल्या दक्षिणेकडच्या कस्तुराला. साधारण साळुंकीएवढाच, पण लाजाळू, माणसाची चाहूल लागली की गुपचूप झुडपात शिरतो.

मूळचा हा दाट, ओलसर, सावलीच्या जंगलातला, म्हणजे आपल्याकडे ताम्हिणी, मुळशी, भीमाशंकर, नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याची झाडी. उघडं माळरान त्याला नको. तुमच्या बांबूखाली गार सावली आहे, खाली पाचोळा कुजतोय, त्याच्या दृष्टीने ते छोटं जंगलच झालं!

आता खाण्याचं. पानं उडवतो ना, ते खेळ म्हणून नाही, खाली गांडुळं, किडे, गोगलगायी असतात त्या शोधतो, जंगलात जळवासुद्धा खातो, आणि जोडीला बारीक पिकलेली फळं. म्हणून भात-पोळी प्लीज बंद करा, त्याच्या कामाची नाही आणि उंदीर-घुशी मात्र येतील.

द्यायचंच असेल तर पाचोळा द्या, म्हणजे आहे तो तिथेच राहू द्या. आपल्याकडे सफाईच्या नावाखाली रोज खराटा फिरवतात, पानं गोळा करून पेटवतात, वर गोगलगायी मरायला औषध टाकतात, आणि त्यात या पक्ष्याचं अख्खं ताट उचलून नेल्यासारखं होतं, मला हे बघून खरंच वाईट वाटतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढंच मागा की बांबूखालचा तो कोपरा झाडायचा नाही, फवारायचा नाही. जवळ जमिनीवर एक पसरट, उथळ मातीचं भांडं पाणी भरून ठेवा, रोज धुवा, फक्त मांजर दबा धरून बसेल अशा जागी नको, कारण याचा बराचसा वेळ जमिनीवरच जातो.

पावसाळ्यात जोडी दिसली तर आंब्याच्या, झुडपांच्या खालच्या फांद्यांची छाटणी थांबवा, घरटं बहुतेक कमी उंचीवरच असतं. तीन-चार अंडी, साधारण दोन आठवडे उबवणं, आणि पुढे बारा-एक दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. एवढे दिवस माळीकाकांना सांगून ठेवा.