पीएसए ५.८ आलं, आता पुढे काय?

प्रश्न : वय ७२, प्रेसमधून निवृत्त. मुलाने सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करायला लावलं, त्यात पीएसए ५.८ आलं. रिपोर्टवर ४ च्या वरचा आकडा ठळक छापलाय. तपासणीच्या दोन आठवडे आधी लघवीला जळजळ होती, गोळ्यांचा कोर्स झाला. रोज पहाटे पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत सायकलने जातो. माझ्याच वयाच्या मित्राचं पीएसए २.९ आहे. मला कॅन्सर असेल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काका, या एका आकड्यावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. या ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं, तसं वयोमानाने ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं आणि जंतुसंसर्गात तर चांगलंच चढतं. शिवाय सत्तरीत ६.५ पर्यंतचा आकडा वयाला धरून आहे, असं बरेच डॉक्टर मानतात.

मला खटकते ती तुमची जळजळ. संसर्गानंतर आकडा खाली यायला वेळ लागतो. तुमचं रक्त फार लवकर घेतलं गेलं. कोर्स संपल्यापासून सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, मग त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. आधीचे दोन दिवस सायकल बंद ठेवा, शरीरसंबंधही टाळा.

मित्राशी तुलना मात्र करू नका. ते लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड घेतात का, विचारा. सहा महिने ते वर्षभर या गोळ्या घेतल्या की पीएसए जवळपास निम्मं होतं. म्हणजे त्यांचं २.९ डॉक्टर ५.८ च्या आसपास धरतील! या गोळ्या चालू असताना आकडा थोडा जरी चढू लागला तरी डॉक्टरांना दाखवायला हवं. हे त्यांना जरूर सांगा.

दुसऱ्यांदाही आकडा चढाच आला तर युरॉलॉजिस्टकडे जा. ते गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतील. लाजू नका, मिनिटभराचं काम असतं. गरज वाटली तर एमआरआय आणि मगच बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. घाबरून थेट बायोप्सीचा हट्ट धरू नका. कॅन्सर निघालाच, तरी या वयात तो पुष्कळदा इतका सावकाश वाढतो की नियमित लक्ष ठेवणं पुरतं.

लघवीतून रक्त आलं, लघवी अडली किंवा पाठीची हाडं सतत दुखू लागली, तर मात्र आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.